जार पडेपर्यंत

मेलेल्या माणसाबद्दल वाईट लिहू नये म्हणतात. सासूबद्दल तर नाहीच. मी लिहिणार आहे. एका चुलीपुढे आम्ही दोघींनी सोळा वर्षं काढली आणि त्या सोळा वर्षांत ती मला एक दिवसही आवडली नाही. मीही तिला आवडले नाही. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, शेजारच्या चार घरांना ठाऊक होतं. नवऱ्यालाही ठाऊक होतं, पण आमचे आवाज चढले की त्याला वैरणीचा भारा आणायची आठवण व्हायची.

भांडणाला कारण शेळी. ऐकणाऱ्याला हसू येतं, येऊ दे. शेळीचं नाव पुढे होतं, पण मी भांडत होते ते माझ्या पोटच्या पोरासाठी, आणि सासू कशासाठी भांडत होती ते मला फार उशिरा कळलं.

माझे वडील लोणावळ्याला रेल्वेत सांधेवाले होते. आम्ही राहायचो त्या चाळीच्या मागे पत्र्याच्या छपरात एक मुसलमान बाई शेळ्या पाळायची. नवरा गेलेला, मूलबाळ नाही. मुंबईची आजारी माणसं हवापालट करायला बंगल्यांत येऊन राहायची, त्यांना शेळीचं दूध लागायचं, ते ही पुरवायची. आम्ही तिला खाला म्हणायचो. माझी आई मी पाच वर्षांची असताना गेली, त्यामुळे माझं अर्धं लहानपण खालाच्या उंबऱ्यावर गेलं. शाळेत मी मराठी चौथीपर्यंत शिकले. बाकीचं जे काही शिकले ते त्या छपरात.

खालाचं तोंड फार वाईट. दूध मागायला आलेल्या बंगल्यातल्या गड्यांना ती अशा शिव्या द्यायची की ते भांडं खाली ठेवून लांब उभे राहायचे. पण शेळी व्यायला लागली की तिचा आवाज बंद. करडू खाली आलं की ती त्याचं नाकतोंड पुसायची, नाळ बांधून कापायची, वर राख चेपायची. मग शेळीच्या सडाच्या तोंडाशी मेणाच्या कणासारखा एक खडा बसलेला असतो, तो दाबून काढून टाकायची आणि सड सरळ करडाच्या तोंडात द्यायची. पहिलं दूध पिवळंधमक आणि घट्ट असतं. त्याला चीक म्हणतात. "करडू पायावर उभं राहायच्या आत चीक पोटात गेला पाहिजे," एवढं एकच ती बोलायची. करडू प्यायला लागलं की थोड्या वेळाने शेळीची जार, म्हणजे वार, आपोआप सुटून पडायची आणि खाला ती लगेच खड्ड्यात पुरून टाकायची.

मी एकदा विचारलं, "खाला, पाजायची एवढी घाई कशाला? आधी शेळीला जरा बसू दे की."

"मला कशाला विचारतेस? शेळीला विचार. ती कुणाची परवानगी मागते का बघ."

लग्न होऊन मी गेले ते कान्हे स्टेशनच्या पलीकडच्या एका गावात, डोंगराच्या अंगाला. घर शेतकऱ्याचं. भाताची खाचरं, बैलजोडी, एक म्हैस आणि चौदा-पंधरा शेळ्या. खालाने मला आंदण म्हणून एक पाठ दिली होती. पाठ म्हणजे अजून न व्यायलेली तरणी शेळी. ती दोरीला धरून मी सासरच्या दारात उभी राहिले तेव्हा सासू आधी तिच्या दातांकडे बघायला वाकली आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

गावात माझ्या सासूला शेळ्यांतली जाणती समजत. कुणाची शेळी अडली, कुणाच्या शेळीचं पोट फुगलं, की बोलावणं आमच्याकडे. ती गाभण शेळीच्या कुशीवर हात ठेवून करडं एक की दोन ते सांगायची आणि ते बरोबर यायचं. पावसात शेळ्यांचे खूर सडू नयेत म्हणून तिने दारामागे लाकडी माच बांधून घेतला होता, त्यावर शेळ्या कोरड्या राहायच्या. उंबराचा पाला कधी द्यायचा, आपट्याचा कधी, हे तिला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. हे सगळं मी कबूल करते. ज्याला काहीच येत नाही त्याच्याशी भांडणं सोपं असतं. हिला पुष्कळ येत होतं.

पहिल्याच आषाढात आमची एक शेळी सकाळी न्याहारीच्या वेळेला व्याली. सासूने करडू पुसलं, नाळ कापली, सगळं खालासारखंच केलं. मग तिने करडावर डालगं पालथं घातलं. कोंबड्या झाकायचं डालगं. आणि काठी मांडीवर घेऊन शेळीच्या आणि डालग्याच्या मध्ये बसली. आत करडू ओरडत होतं, बाहेर शेळी दावं ओढत होती. शेळी पुढे आली की सासू काठी आडवी धरायची. मारत नव्हती, पण येऊही देत नव्हती.

मी म्हणाले, "आत्याबाई, पाजायला नको का?"

"जार कुटं पडलीया अजून?"

"पण पाजलं तर जार लवकर पडते."

ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "जार पडायच्या आदी पाजलं तर दूद वर चढतंया. जार आतच ऱ्हाती आन शेळी मरती. तुज्या लोणावळ्यात शेळ्या बिनजारीच्या व्यात्यात व्हय?"

दारात आलेल्या दोन बायका हसल्या. मीही तोंड मिटलं. जार पडायला दुपार उलटून गेली. बाहेर पाऊस, घरात धूर, करडाचं अंग तोपर्यंत गार पडलेलं. त्याला सड दिला तर ते तोंड हलवेना. दिवस मावळायच्या आत ते गेलं.

"गारठ्यानं गेलं," सासू म्हणाली.

त्या पावसाळ्यात सात करडं झाली आणि चार गेली. एक गारठ्याने, एक नजर लागून, एक उगाचच, आणि एक माझ्या पायगुणाने. माझा पायगुण ह्या यादीत शेवटी आला खरा, पण तो गावभर सगळ्यांत आधी पोचला. जगलेली तीन करडं कुणाच्या पायगुणाने जगली हे मी विचारलं तेव्हा मला त्या दिवशी जेवायला कोणी बोलावलं नाही.

दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी करतात, पण माहेरी बाईमाणूस नव्हतं, म्हणून ते सासरीच झालं. मुलगा झाला. आमच्या घरची रीत अशी की जन्मलेल्या पोराला तीन दिवस आईचं दूध द्यायचं नाही. पहिलं दूध साठून निबर झालेलं असतं, ते पोराला बाधतं, असं सगळ्या जणी सांगायच्या. तीन दिवस पोराला कापसाच्या बोळ्याने गुळाचं पाणी द्यायचं. माझं दूध सासूने वाटीत पिळून घेतलं आणि परसात नेऊन लिंबाच्या मुळाशी ओतलं. पिवळंधमक होतं. मी पडल्या पडल्या ती वाटी बघत होते.

मला माहीत होतं. हे मी स्वतःच्या विरुद्ध लिहून ठेवते. परक्या शेळीच्या करडासाठी मी तोंड उघडलं होतं, आणि माझं पोर गुळाचं पाणी चोखत रडत असताना मी गप्प पडून राहिले. ओली बाळंतीण, दारात चार बायका, वर सासू. चौथ्या दिवशी त्याला माझ्याजवळ दिलं तेव्हा त्याला ओढायची ताकद नव्हती. नवव्या दिवशी तो गेला. त्यामुळेच गेला असं मी छातीठोक सांगत नाही, कुणीच सांगू शकणार नाही. पण त्या दिवसापासून सासूच्या हाताचं पाणी मला कडू लागायला लागलं.

मध्ये दोन-अडीच वर्षं गेली. मला पुन्हा दिवस गेले आणि मी मनाशी ठरवलं की ह्या वेळी पोराला पहिल्या तासाला पाजायचं. ठरवणं सोपं होतं. पण सुईण सासूची मैत्रीण, शेजारणी सासूच्या, आणि नवऱ्याला विचारलं तर तो म्हणाला, "आई सांगंल तसं." बाळंतपणात बाई आडवी पडलेली असते, तिच्या हातात काही नसतं. आधीच काहीतरी करून ठेवायला हवं होतं. घरात माझा शब्द कोणी ऐकला नसता, शेळीचा कदाचित ऐकला असता. माझी, खालाने दिलेली शेळी गाभण होती. मी तिच्या व्यायची वाट बघायला लागले.

फाल्गुनात तिकोणा पेठेला सासूच्या भावाच्या घरी लग्न निघालं. सासू आणि नवरा गाडी जुंपून गेले, दोन दिवस मी एकटी. दुसऱ्या दिवशी दुपारी मी भाकरीचं पीठ मळत होते आणि शेळी व्यायला लागली. दोन करडं. मी हाताचं पीठ तसंच ठेवून धावले. पुसलं, नाळ कापली, राख लावली, सडाचा खडा काढला. आणि मग माझा हात थांबला.

खरं सांगते, मला भीती वाटली. सासूचा धाक नव्हे, तिचं म्हणणं खरं असेल ह्याची भीती. पाच वर्षं रोज कानावर एकच गोष्ट पडली की ती हाडात जाते. दूध वर चढलं तर? शेळी मेली तर खालाची आठवणही जायची आणि सासूला जन्मभराचं कोलीत मिळायचं. करडं लटपटत उभी राहायला बघत होती. शेळीनेच शेवटी मान वळवून एकाला नाकाने पुढे ढकललं. मी डोळे मिटून सड त्याच्या तोंडात दिला. मग दुसऱ्याच्या.

मी तिथेच भुईवर बसून राहिले. करडं ढुशा देत पीत होती, त्यांच्या शेपट्या हलत होत्या. चुलीतला विस्तव विझला. मी उठून तो पुन्हा पेटवला, एक भाकरी थापली, तव्यावर टाकली, आणि मागे वळून बघते तर जार पडलेली होती. भाकरी करपली. ती मी मीठ लावून खाल्ली आणि खाता खाता एकटीच हसत होते.

सासू दुसऱ्या दिवशी परत आली तेव्हा दोन्ही करडं दारात उड्या मारत होती. एक तर उखळावर चढायला बघत होतं. तिने दोघांना उचलून पोट चाचपलं, शेळीची कास बघितली, जार कुठे पुरली ते विचारलं. आणि मग, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

"बग, माज्या रीतीनं क्येलं की कशी जगत्यात! शिकलीस बाय. लय ब्येस क्येलंस."

घरात आम्ही दोघीच होतो. नवरा बैल सोडत होता. मी तिला तेव्हा सांगू शकले असते. पण मी ते कौतुक गिळून टाकलं आणि "होय आत्याबाई" म्हणाले. मला साक्षीदार हवे होते. घरात सांगितलं असतं तर तिने मला खोटं पाडलं असतं, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. आता वाटतं, मला तिला चारचौघांत पडलेलं बघायचं होतं.

ती संधी होळीच्या सुमाराला आली. गुरांचे डॉक्टर आले. सरकारी माणूस, डोक्यावर टोपी, हातात छापील कागद, बरोबर एक शिपाई. कामशेतहून टांग्याने आले होते आणि परतीची गाडी गाठायची असल्यामुळे आल्यापासून घड्याळ बघत होते. गाव चावडीपुढे जमलं. बायका देवळाच्या भिंतीला लागून उभ्या राहिल्या, त्यात मी, सातवा महिना, पदर पुढे ओढून.

डॉक्टरांनी आधी सांगायला सुरुवात केली. शेळ्यांसाठी लसूणघास लावा. लसूणघास! आमच्याकडे पावसाळ्यात चार महिने वावरात भात आणि पाणी, उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली भुई. गोठ्याला समोरासमोर मोठ्या खिडक्या ठेवा, हवा खेळती राहते. आमच्याकडे आषाढात हवा खेळायला आली तर घराचं छप्पर घेऊन जाते. माणूस वाईट नव्हता, पण त्याने सांगितलेलं सगळं कुठल्यातरी कोरड्या मुलखात कोणीतरी लिहिलेलं होतं. लोक माना डोलवत होते.

मग त्यांनी कागद काढला आणि प्रश्न विचारायला लागले. गावाला शेळीपालनाची माहिती किती आहे ते त्यांना वर कळवायचं होतं.

"कळपातला बोकड दोन वर्षांनी बदलता ना?"

"व्हय साहेब, बदलतो की!" सगळे एका सुरात. गावाचा एकुलता एक बोकड तिथेच चावडीच्या कट्ट्यावर उभा होता. निम्म्या गावाच्या शेळ्यांचा तो बापही होता आणि आजाही.

"जंताचं औषध देता?"

"देतो साहेब."

"आजारी शेळी वेगळी बांधता?"

"येगळीच बांधतो."

डॉक्टर खुशीत खुणा करत चालले होते. मी मराठी चौथी शिकलेली, मला ते सगळं खोटं कागदावर चढताना बघून अंगाचा तिळपापड झाला. पुढचा प्रश्न चिकाचा होता. तेव्हा कोणीतरी म्हणालं, "करडाचं आमच्या मावशीला इचारा, तिच्यावानी जाणती पंचक्रोशीत न्हाई." सासूला पुढे केलं. ती पदर सावरून मोठ्या तोऱ्यात पुढे झाली.

"मावशी, करडू जन्मलं की त्याला चीक लगेच पाजता ना?"

"व्हय तर, साहेब. लगीच. पडल्या पडल्या."

"खोटं," मी म्हणाले.

माझा आवाज मलाच मोठा वाटला. सगळी तोंडं भिंतीकडे वळली. नवरा गर्दीत होता, तो खाली बघायला लागला. मी थांबले नाही. डालगं सांगितलं, काठी सांगितली, दुपार उलटेपर्यंत ओरडणारी करडं सांगितली, पावसाळ्यात किती गेली ते सांगितलं. आणि शेवटी हेही सांगितलं की ज्या दोन करडांचं कौतुक आत्याबाई गल्लीभर करत फिरतात त्यांना मी जार पडायच्या आधी पाजलंय, आणि जार एका भाकरीच्या वेळात पडली.

सासूचा चेहरा मी नीट बघितला. बघायचाच होता.

डॉक्टर पहिल्यांदा घड्याळ विसरले. "बाई बरोबर सांगतायत," ते म्हणाले. "करडू ओढायला लागलं की त्यानेच जार सुटायला मदत होते. दूध वर-बिर काही चढत नाही. आणि पहिल्या चिकात जी ताकद असते ती नंतरच्या दुधात नसते. ती मिळाली नाही तर करडू साध्या गारठ्यानेसुद्धा जातं. लोकांना वाटतं गारठ्याने गेलं."

डॉक्टरांनी कागदाची घडी केली. चिकापुढची खूण त्यांनी आधीच केलेली होती, ती खोडायचे कष्ट घेतले नाहीत. कागदावर आमचं गाव शहाणंच राहिलं.

ते टांग्यात चढत होते तेव्हा सासू पुढे गेली. टांग्याच्या दांडीला धरून म्हणाली, "साहेब, आन मान्साचं?"

"काय?"

"मान्साच्या पोराचं. त्येला बी पयलंच दूद लागतं?"

"मी जनावरांचा डॉक्टर आहे, मावशी." मग त्यांना बहुधा दया आली. "पण हो. माणसाचंही तसंच. पहिलंच दूध पाजायचं, टाकायचं नाही." आणि टांगा निघाला.

मला आनंद झाला. खोटं कशाला लिहू? माझ्या पोटातलं पोर आता गुळाचं पाणी पिणार नव्हतं, हे त्या माणसाने अख्ख्या गावासमोर सांगून टाकलं होतं. घरी परतताना सासू पुढे आणि मी दहा पावलं मागे. ती चालता चालता अंगठ्याने बोटाची पेरं मोजत होती. चार मोजायची, थांबायची आणि पुन्हा पहिल्यापासून. मला वाटलं, मेलेली करडं मोजतेय. म्हटलं, मोज.

माझ्या सासूला सात मुलं झाली आणि तीन जगली हे गावातल्या सगळ्यांना माहीत होतं. मलाही माहीत होतं. त्या दिवशी ते माझ्या डोक्यात आलं नाही.

पुढचे तीन महिने घरात शब्द नव्हता. गावाने माझ्यावरच तोंड टाकलं, सासूची अब्रू भर चावडीत घालवली म्हणून. पाणवठ्यावर बायका माझ्यासाठी जागा करायच्या नाहीत. नवरा दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी जेवला. सासू शेळ्यांकडे बघेनाशी झाली. कुणाची शेळी अडली म्हणून बोलावणं आलं तर म्हणायची, "तिला न्या. तिला येतंया."

ज्येष्ठात, सकाळी दहाच्या सुमाराला माझी सुटका झाली. मुलगी. सुईणीने तिला पुसून गुंडाळलं आणि सवयीने वाटीतलं गुळाचं पाणी पुढे ओढलं. मी उठून बसायला गेले, जमलं नाही. "मला द्या तिला," मी म्हणत होते, पण माझा आवाज कोणाला ऐकू येत नव्हता, किंवा ऐकू येऊनही येत नव्हता.

तेवढ्यात सासू आत आली. हातात तीच काठी. तिने वाटी उचलली, मागच्या दाराने परसात गेली, लिंबाच्या मुळाशी ती ओतली आणि रिकामी वाटी आणून कोनाड्यात पालथी घातली.

"पाज," ती मला म्हणाली.

सुईण ओरडली, "अगं बाय, जार पडायची हाय अजून!"

"पडंल."

"आन तिला काय झालं म्हंजे?"

"व्हायचं त्ये माज्या डोक्यावर." असं म्हणून ती काठी मांडीवर आडवी घेऊन बसली, माझ्याकडे पाठ आणि त्या बायकांकडे तोंड करून. शेळीपुढे बसायची तशीच. फक्त ह्या वेळी तिचं तोंड दुसरीकडे होतं. मुलीने जरा धडपड करून तोंडात घेतलं आणि ओढायला लागली. जार पडली. मी मेले नाही.

मला वाटलं होतं, आता आमच्यातलं मिटेल. गोष्टीत मिटलं असतं. सासूने बारा दिवस माझं सगळं केलं, शेक दिला, डिंकाचे लाडू केले, पण मुलीला एकदाही स्वतःहून उचललं नाही. मुलगी रांगत तिच्या पायाशी गेली की ती पाय आखडून घ्यायची. मला त्याचा संताप यायचा. माझ्या पोरीने हिचं काय घोडं मारलंय? मी तसं बोलूनही दाखवायची. ती उत्तर द्यायची नाही, आणि तिने उत्तर न देणं मला शिव्यांपेक्षा जास्त झोंबायचं.

मुलगी दोन वर्षांची झाली तेव्हाची गोष्ट. खालाच्याच शेळीची एक पाठ पहिल्यांदा व्याली. मी करडाला सड धरून बसले होते, मुलगी शेजारी उकिडवी बसून बघत होती, सासू उंबऱ्यात. जार पडली. मला खुमखुमी आली. म्हणाले, "बघा आत्याबाई, पडली ना?"

ती अगदी साध्या आवाजात, भांडणाचा मागमूस नसलेल्या, म्हणाली, "तुजी पोर जगली, ब्येस झालं. पर माजी चार देवानं न्येली हुती. तीस वर्सं मी देवाला बोल लावून जगले. त्या दिशी चावडीवर तू ती चारी माज्या हातात आणून दिलीस."

ती उठली, गुडघ्यावर हात टेकून, आणि आत जाऊन तांदूळ निवडायला बसली. त्यानंतर ती नऊ वर्षं जगली आणि हा विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. बाकी भांडणं होत राहिली, मिठावरून, सरपणावरून, आणि मी त्यांतलं एकही हरले नाही.

अजूनही ती मला आवडत नाही. माझ्या मुलाची ती वाटी मी विसरलेले नाही, विसरणारही नाही. पण जार पडायच्या आधी पाजलं हे तिला सांगायला चावडी लागत नव्हती. करडं दारात उड्या मारत होती, घरात आम्ही दोघीच होतो, आणि तिचा हात माझ्या पाठीवर होता.